अठ्ठावीस कंट्रोलर आणि एक ताटली

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट पूर्ण, धंदा व्हिडिओ गेमचे कंट्रोलर दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दुकानात बसून आणि स्वतःच्या अकलेने लिहिते आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. दडपण आणायला हिंमत लागते आणि ती माझ्या नातेवाइकांत नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याबद्दल ज्याला शंका असेल त्याने आधी स्वतःची तपासून घ्यावी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एखादे सापडलेच तर ते खोटे समजावे आणि सापडवणाऱ्याकडे नीट बघून ठेवावे.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. झिजलेला भाग काढून नवा घालणे हे काम मी एकोणतीस वर्षे करते आहे, त्यामुळे त्याची मला धास्ती नाही. मी सर्जनसाहेबांना एकच प्रश्न विचारला: नवी झडप तुम्ही तपासता तेव्हा ती कशावर ठेवून तपासता? ते हसले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटले. माझा मुलगा सोबत होता, तो मान खाली घालून बुटाकडे बघत बसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. तो का नव्हता ते कलम सातमध्ये येईल.

वकीलबाईंनी बजावले होते की कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहा, राग लिहू नका. त्यांचा सल्ला मी मागितला होता, मानलेला नाही.

कलम एक. मी राहते ती दोन खोल्यांची जागा माझ्या मुलाला मिळावी. तो एकुलता एक आहे, निवड करायची वेळच आली नाही. मुलगा हल्ली मोठ्या कंपनीत माणसे सांभाळतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी कॉलरला माइक लावून लोकांना रागावर ताबा कसा ठेवावा ते शिकवतो. याच मुलाने एकोणिसाव्या वर्षी गेममध्ये हरल्यावर माझ्या आईच्या कपाटाच्या दिशेने कंट्रोलर भिरकावला होता. कपाट चुकले, भिंतीला खळगा पडला. तो खळगा मी कधी बुजवला नाही, त्यानेही बुजवू नये, अशी जागा देण्यामागची अट आहे. तो कंट्रोलरही त्यालाच द्यावा. कंट्रोलरच्या दोन्ही मुठींत एकेक छोटी मोटर असते आणि तिच्या आसाला मुद्दाम एका बाजूला जड असे वजन लावलेले असते. ते फिरले की हाताला थरथर जाणवते. उजव्या मुठीतले वजन त्या दिवशी तुटले आणि अजून आतच आहे. कंट्रोलर हलवला की खुळखुळ्यासारखे वाजते. भाषणाला जाताना मुलाने तो खिशात ठेवावा आणि मधूनमधून हलवावा.

कलम दोन. बँकेतली माझी सगळी शिल्लक सुनेला मिळावी, तिच्या एकटीच्या नावावर. याचा अर्थ ती मला आवडते असा कोणी काढू नये. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याला वाढदिवसाला भेट द्यायला ती माझ्या दुकानात आली आणि पडद्यांना शोभेलसा कंट्रोलर आहे का, असे विचारती झाली. मी तिला स्टुलावर बसवले. कंट्रोलर डोळ्यांनी निवडत नाहीत. हातात धरावा, डोळे मिटावेत आणि वीसपर्यंत मोजावे. तर्जन्या न शोधता मागच्या ट्रिगरवर जाऊन बसल्या, अंगठे न ताणता दोन्ही स्टिकवर, म्हणजे वरच्या फिरत्या दांड्यांवर, पोचले आणि करंगळी कुठे ठेवू असा प्रश्न पडला नाही, तर तो आपला. डावी स्टिक वर असावी की दोन्ही एका ओळीत, यावर लोक तासन्‌तास हुज्जत घालतात. ज्याचा अंगठा आखूड आहे त्याने हुज्जत घालू नये, डावी वर असलेला घ्यावा आणि गप्प बसावे. बिनतारी हवा की तारेचा, याचे उत्तर सोपे आहे: सोफा पडद्यापासून लांब असेल तर बिनतारी, आणि चार्ज करायची आठवण राहत नसेल तर तारेचा.

सुनेने हे सगळे ऐकून घेतले, पाच कंट्रोलर धरून पाहिले आणि राखाडी रंगाचा, तिच्या पडद्यांशी काडीचाही संबंध नसलेला एक नेला. तेव्हापासून त्या घरात खेळण्याआधी साबणाने हात धुणारी ती एकटीच आहे. एवढे पुरे आहे. शिल्लक तिची.

कलम तीन. समोरच्या मोबाईलवाल्यास. या गृहस्थाने चार वर्षांपूर्वी आपल्या पाटीवर 'कंट्रोलर दुरुस्ती, दहा मिनिटांत' असे लिहून घेतले. दहा मिनिटांत तो काय करतो ते सगळ्या रस्त्याला कळावे म्हणून इथे नोंदवते.

स्टिक झिजली की कोणी हात न लावता पडद्यावरचा माणूस चालू लागतो. कुणी कड्यावरून खाली पडतो, कुणी भिंतीला नाक लावून चालत राहतो. स्टिकच्या मुळाशी एक पट्टी असते आणि तिच्यावरून एक बारीक पाते घासत जाते. पट्टी झिजली किंवा तिच्यावर कचरा बसला की मध्य कुठे आहे ते कंट्रोलरला कळेनासे होते. यावर इलाज म्हणजे उघडणे, साफ करणे आणि गरज पडली तर स्टिक बदलणे. मोबाईलवाला यातले काहीच करत नाही. तो सेटिंगमध्ये जाऊन मध्याभोवतीचा बधिर भाग वाढवतो, म्हणजे त्या भागात स्टिक हलली तरी कंट्रोलरने लक्षच द्यायचे नाही. माणूस चालायचा थांबतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. मग महिन्याभरात दुखणे वाढले की बधिर भाग आणखी वाढवतो. शेवटी स्टिक अर्धी ढकलली तरी काही होत नाही आणि गिऱ्हाइकाला वाटते की आपलेच वय झाले. फारच चिकट झाले तर तो कपड्यांवर मारायचा सुगंधी फवारा आत मारतो. त्याच्या हातून आलेले कंट्रोलर मी वासावरून ओळखते.

त्याला माझ्याकडची शुद्ध अल्कोहोलची एक बाटली आणि कापूस लावलेल्या काड्यांचे एक पुडके द्यावे. सूचना: कंट्रोलर बंद करावा. अल्कोहोल काडीला लावावे, कंट्रोलरला नव्हे. पुसून झाल्यावर पूर्ण वाळू द्यावे. याला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो.

कलम चार. माझ्या गिऱ्हाइकांस मी काहीही ठेवत नाही. त्यांनी आयुष्यभर मला चिकट बटणे दिली. बटणाच्या फटीत मला काय काय सापडले ते लिहिले तर वकीलबाई हे कागद हातात धरणार नाहीत. एकाने कंट्रोलर भांडी घासायच्या यंत्रात घालून धुतला आणि मला विचारले की गॅरंटी आहे का. एकीने तो गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवला, रबर वितळून अंगठ्याला लागले, तर म्हणते हा आधीपासूनच असा होता. बहुतेक जण तार कंट्रोलरभोवती करकचून गुंडाळतात आणि मग तार मुळाशी तुटली की कंपनीला शिव्या घालतात. तार सैल वेटोळ्यात ठेवावी. महिनोन्‌महिने न खेळता कपाटात ठेवायचा असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी. पूर्ण रिकामी ठेवली तर ती पुन्हा उठत नाही. ढिगाऱ्यात असा ठेवू नये की स्टिक एका अंगाला दाबलेली राहील. हे मी एकोणतीस वर्षे सांगते आहे. शेवटचे सांगून टाकले.

कलम पाच. माझा स्वतःचा कंट्रोलर, ज्याच्या डाव्या स्टिकची टोपी माझ्या अंगठ्याने गुळगुळीत झाली आहे तो, क्रेनवाल्यांना मिळावा. क्रेनवाले चौतीस वर्षे बांधकामावर दोन दांड्यांनी लोखंडी तुळया उचलत होते. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून गेम खेळू लागले आणि पहिल्याच दिवशी माझ्याकडे आले. त्यांनी स्टिक कधी झिजवली नाही. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाले, "ढकलायचं नसतं हो. नुसतं सांगायचं, की इकडे जा." माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत हात असलेला हा एकच माणूस. बाकी सगळ्यांना पंजे आहेत.

क्रेनवाल्यांचा पुढच्या कलमांशी संबंध आहे, म्हणून त्यांना इथे ठेवले.

कलम सहा. दुकान, त्यातले टेबल, दोन्ही स्टूल, भिंग, सोल्डरिंगची गन, खोक्यांतले सुटे भाग आणि दुकानाचे नाव हे सगळे माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

हे वाचून रस्त्यावरचे लोक चाट पडतील. धाकटी गेली सात वर्षे माझ्याशी बोलत नाही आणि मी तिला पाण्यात पाहते, असे सगळे धरून चालतात. पहिले खरे आहे.

आम्ही दोघी आधी टेलिफोनच्या कारखान्यात होतो. माझे काम आकड्यांची बटणे दाबून पाहणे, तिचे काम न चालणारी परत पाठवणे. कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या हातांना बटणांखेरीज काही कळत नव्हते. मग हे दुकान काढले, दोन स्टूल घेतले, एकाच टेबलावर समोरासमोर बसलो. बावीस वर्षे. सुटे भाग निवडायचे काम तिचे, कारण ती दुकानदाराला घासाघीस न करता नुसते बघत राहून नमवते. स्क्रू ठेवायला तिच्याकडे आठवड्याच्या औषधांची सात कप्प्यांची डबी होती. मी त्यावर तोंडसुख घेत असे. म्हणे, वरचे चार स्क्रू सोमवारी, मधले दोन मंगळवारी. मी स्वतःसाठी गाड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे असते तशी लोखंडी ताटली आणली होती, जिच्या तळाला जबरदस्त चुंबक असतो. स्क्रू टाकला की खट्‌कन चिकटतो, सांडत नाही. ताटली जड आहे, टेबलावरून सरकत नाही, म्हणून उघडलेला कंट्रोलर मी तिच्यावरच टेकवून ठेवत असे. तपासायलाही तिथेच. माझ्या हाताला त्या ताटलीची सवय झाली होती.

कलम सात. हे कलम लिहायला मला अकरा दिवस लागले. बाकीची सगळी मिळून एक दिवस.

सात वर्षांपूर्वी मोठ्या गेम हॉलवाल्याने स्पर्धेसाठी एकतीस कंट्रोलर आमच्याकडे पाठवले. सगळ्यांच्या स्टिक झिजलेल्या. धाकटी म्हणाली, यात आता नव्या प्रकारच्या स्टिक घालू. या स्टिकमध्ये पट्टीवर काही घासत नाही. मुळाशी छोटा चुंबक असतो आणि तो किती कलला ते शेजारचा सेन्सर ओळखतो. घासत नाही म्हणजे झिजतही नाही. मी नाक मुरडले, पण तिने आणल्या. बसवून झाल्यावर अशा स्टिकला एकदा शिकवावे लागते: ती सोडून द्यायची आणि कंट्रोलरला सांगायचे, की हा मध्य. अठ्ठावीस मी शिकवले. तीन तिने.

स्पर्धेच्या दिवशी भरल्या हॉलमध्ये, जवळजवळ सगळ्या पडद्यांवरची माणसे आपण होऊन उजवीकडे चालू लागली. पुलावरून एकामागून एक खाली पडत होती. लोक आधी हसले, मग ओरडू लागले. हॉलवाला आमच्याकडे आला. मी त्याच्यासमोर, स्पर्धकांसमोर आणि अर्ध्या रस्त्यासमोर सांगितले की भाग माझ्या बहिणीने आणले, तिने हलका माल आणला. धाकटीने एकच विचारले: "आणि माझे तीन का नाही पडले?" मी म्हणाले, योगायोगाने. ती एवढंच म्हणाली, "बरं." पिशवी घेतली, औषधांची डबी टेबलावर तशीच ठेवली आणि गेली. त्यानंतर ती या दुकानाची पायरी चढली नाही. गावभर झाले की धाकटी बाई हलका माल खपवायची. भावकीत, लग्नाकार्यांत लोक तिला विचारत, खरं का हो? ती उत्तर देत नसे. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका छापखान्यात तिने कागद मोजायचे काम धरले. बावीस वर्षे जिने स्टिकचा मध्य बोटाने ओळखला, तिने कागद मोजले.

चार महिन्यांनी क्रेनवाले आले. त्यांच्या कंट्रोलरलाही मी तसल्याच नव्या स्टिक घातल्या होत्या. म्हणाले, "बाई, तुमच्या टेबलावर हा नीट उभा राहतो. माझ्या घरी उजवीकडे जातो. इथे नक्की काय आहे?" मी म्हटले, तुमच्या घरात काहीतरी असेल. ते म्हणाले, "माझ्या घरी काही नाही. तुमच्याकडे आहे." आणि त्यांनी कंट्रोलर माझ्या ताटलीवरून उचलून शेजारच्या लाकडावर ठेवला. पडद्यावरचा माणूस चालू लागला. परत ताटलीवर ठेवला. माणूस थांबला. त्यांनी तीनदा करून दाखवले. क्रेनवाले फार बोलत नाहीत.

चुंबकावर चालणाऱ्या स्टिकला मी चुंबकावर बसवून मध्य शिकवला होता. ताटलीच्या ओढीसकट शिकवला, तपासलाही ताटलीवरच, आणि माझ्या टेबलावर प्रत्येक कंट्रोलर अगदी बरोबर. ताटलीवरून उतरला की चुकीचा. अठ्ठावीस. धाकटी डबीवाली, लाकडावर काम करणारी. तिचे तीन पडले नाहीत कारण ते पडणारच नव्हते. तिने मला भर हॉलमध्ये उत्तर विचारले होते आणि मी तिला योगायोग सांगितला.

मी क्रेनवाल्यांना म्हटले, हे कोणाला सांगू नका. ते म्हणाले, मी नाही सांगणार, तुम्ही सांगाल. त्यांचा अंदाज चुकला. मी सांगितले नाही. सहा वर्षे आठ महिने. मोबाईलवाल्याला मी बधिर भागावरून नावे ठेवते. त्याने कंट्रोलरचा वाढवला, मी स्वतःचा. या रस्त्यावर माझ्याइतके दुसऱ्याला तुच्छ लेखणारे कोणी नाही, आणि इतक्या वर्षांत माझ्याइतकी घाण चूक करून ती दुसऱ्याच्या नावावर खपवणारेही कोणी मी पाहिले नाही. मुलगा भिंतीला खळगा पाडून निदान रडला होता.

हॉलवाल्याने त्या वेळी फेकून दिलेल्या स्टिक मी मागून आणल्या आणि एका खोक्यात ठेवल्या. त्यांना काहीही झालेले नाही. खोके धाकटीला द्यावे. तिने आणलेला माल उत्तम होता. तो मी बिघडवला. माझ्या मृत्यूनंतर हे कलम दुकानासमोर मोठ्याने वाचले जावे.

इथपर्यंतचा मसुदा मी वकीलबाईंना दिला. त्यांनी सांगितले की अंमलबजावणी करणाऱ्याला आधी विचारावे लागते, नाहीतर ती व्यक्ती नंतर नाही म्हणू शकते. म्हणून मसुदा त्यांनीच धाकटीकडे पाठवला. नऊ दिवसांनी तो परत आला. तिने पेन्सिलने समासात लिहिले आहे. ती जे लिहिते त्यात कधी एक शब्द जास्त नसतो, त्यामुळे सगळे उतरवून ठेवते.

कलम एकशेजारी: "खळगा राहू दे. पण मुलाला आत तारखेचा कागद लावू दे, दुसरा खळगा पडायला नको."

कलम दोनशेजारी: "बरोबर."

कलम तीनशेजारी: "तू फवारा मारत होतीस. पहिल्या वर्षी. मी बाटली फेकली."

हे खरे आहे. मी विसरले होते. मोबाईलवाल्याला दोन बाटल्या द्याव्यात.

कलम सहाशेजारी: "दुकान मेल्यावर नको."

आणि कलम सातच्या खाली, जिथे मोठ्याने वाचायचे लिहिले आहे तिथे, तिने ती ओळ खोडली आहे आणि लिहिले आहे: "मेल्यावर कबूल करणार. मग मी भांडू कोणाशी?"

मी तो कागद दोन दिवस टेबलावर तसाच ठेवला. मी मनात मुलाला म्हणते की तू माइक लावून दुसऱ्यांना शिकवतोस, आणि मी स्वतः कबुली द्यायला अशी वेळ निवडली होती की जेव्हा कोणी माझ्या तोंडावर काही बोलूच शकणार नाही. भ्याडपणाची यापेक्षा सोयीची जागा मला सापडली नसती. ती धाकटीने बरोब्बर ओळखली. भाग निवडणारीच ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कलम सात मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून दुकानाच्या काचेवर लावले, बाहेरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. खाली सही. मोबाईलवाला सगळ्यात आधी आला. त्याने पूर्ण वाचले, माझ्याकडे पाहिले, सुटलेला कागदाचा कोपरा चिकटवला आणि परत गेला. मला वाटले होते त्यापेक्षा तो बरा माणूस निघाला, याची मला खंत वाटते. दुपारपर्यंत हॉलवाल्याला कळले. तो आला, वाचले, आणि म्हणाला की त्याने धाकटीला तेव्हा काय काय ऐकवले होते ते त्याला आठवते आहे. मी म्हटले, मलाही आठवते, तुम्ही पुढे ऐकवायला मीच सुरुवात करून दिली होती. क्रेनवाले आले तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळे मोठ्याने वाचले, रस्त्यावर उभे राहून, दोनदा. ते म्हणाले, अंदाज चुकला नव्हता, नुसता उशीर झाला.

मुलगाही आला. मला वाटले आता तो मला माझ्या अकलेबद्दल काही ऐकवेल. त्याने काचेसमोर उभे राहून वाचले आणि आत येऊन हळूच विचारले, "आई, तो कंट्रोलर आताच नेऊ का?" मी दिला. त्याने तो कानाशी धरून हलवला. कलम एकमधला तेवढा भाग त्यामुळे संपला.

धाकटी गुरुवारी आली. तिने काचेवरचे बाहेरून वाचले, शेवटच्या ओळीपर्यंत, घाई न करता. मी आत बसले होते आणि माझे हृदय, जी झडप बदलायची आहे तिच्यासकट, कानात वाजत होते. मग ती आत आली, तिच्या स्टुलावर बसली आणि सात वर्षे तिथेच ठेवलेली औषधांची डबी तिने उघडून पाहिली. सोमवारच्या कप्प्यात तिचे तेव्हाचे चार स्क्रू होते. मी ते हलवले नव्हते.

"ताई, ताटली काढ टेबलावरून," ती म्हणाली.

मी ताटली उचलली आणि दुकानाबाहेर, पायरीच्या पलीकडे नेऊन ठेवली. तिने खोक्यातली एक स्टिक काढली, एका कंट्रोलरला बसवली, लाकडावर ठेवून मध्य शिकवला आणि पडद्याला जोडला. माणूस जागच्या जागी उभा राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तो उभाच होता. कोणीतरी जागचे हलत नाही म्हणून मला रडू आल्याचे हे पहिलेच उदाहरण आहे आणि त्याची साक्ष तिनेच द्यावी.

यानंतर कलम सहा आणि सात पुढीलप्रमाणे बदलले आहेत.

कलम सहा, सुधारित. दुकान या मृत्युपत्रात नाही. ते परवापासून अर्धे धाकटीचे आहे, रीतसर कागद करून. मेल्यावर द्यायला माझ्याकडे फक्त माझे अर्धे उरले, ते तिलाच मिळावे. खोक्यातल्या स्टिक तिने वापरायला सुरुवात केली आहे, म्हणून त्याही इथे नाहीत.

कलम सात, सुधारित. वरील कलम सात काचेवर आहे. इथे ते तसेच राहू द्यावे, असे वकीलबाई म्हणतात. कागद काचेवरून कोणी काढू नये. उन्हाने शाई फिकी पडली तर धाकटीने किंवा मी ती पुन्हा गिरवावी.

कलम आठ. चुंबकी ताटली हॉलवाल्याला द्यावी, त्याला गाडीची दुरुस्ती स्वतः करायची हौस आहे. कंट्रोलरपासून चार हात लांब ठेवावी, असे तिच्यावर लिहून दिले आहे.

कलम नऊ. माझ्या मृत्यूनंतर दुकान बंद ठेवू नये. मुलाने भाषण करू नये. करायचेच झाले तर कंट्रोलर हलवावा, त्यात पुरेसे आहे.

कलम दहा. हे मृत्युपत्र इतक्यात उघडायचे नाही, असे धाकटीचे म्हणणे आहे. तिने सर्जनसाहेबांना फोन करून विचारले की झडप कशावर ठेवून तपासतात, आणि या वेळी त्यांनी न हसता उत्तर दिले. तिला ते पटले. ती आता रोज दुपारी चार ते पाच माझ्याशी भांडते. सात वर्षांचे साचले आहे आणि ती एकही दिवस गाळत नाही. सध्या ती पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात आहे. हे सगळे ऐकून होईपर्यंत मला मरायची परवानगी नाही, असे तिने मला बजावले आहे. ते मी इथे नोंदवून ठेवते.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे आणि मला मान्य आहे.

सही: मोठी, कंट्रोलर दुरुस्त करणारी.

साक्षीदार पहिले: क्रेनवाले. कलम पाचमधला कंट्रोलर त्यांना आधीच देऊन टाकला, म्हणून त्यांची सही चालते. सही करताना म्हणाले की त्यांना कधीच शंका नव्हती.

साक्षीदार दुसरे: समोरचा मोबाईलवाला. बाटल्या आताच मिळाल्या, तीही पोच इथेच.

धाकटीला यातून काही मिळणार असल्याने तिची सही साक्षीदार म्हणून चालत नाही. ती सही न करता शेजारी बसली आहे.

ठिकाण: दुकान, टेबलाच्या दोन्ही बाजू.
तारीख: एकोणीस, गुरुवार. वेळ चारला पाच कमी. आता थांबते, तिचा तास सुरू होतो आहे.